परक्या बिल्ल्याचा ट्रक

"दाराला काही झालंय का, सर?" सेल्समनने शेवटी विचारलंच.

लेन वोयटासने नव्याकोऱ्या ट्रकचं दार पुन्हा एकदा उघडलं, लावलं आणि मान तिरकी करून आवाज ऐकला. उत्तर दिलं ते त्याच्या बायकोने.

"तुम्ही नका लक्ष देऊ," आयरीन म्हणाली. "चाळीस वर्षं ह्याच ट्रकची दारं बसवलीत त्यानं. पोरीच्या लग्नात चर्चचं दार खडखडतं म्हणून पाद्र्याला सुनावून आला होता."

ब्रेट नावाचा तो सेल्समन हसायचं म्हणून हसला. त्याच्या शर्टावर हॅल्स्टेडचा लाल बिल्ला होता. लेनच्या टोपीवरही तोच होता, फक्त उन्हाने विटून गुलाबी झालेला.

हॅल्स्टेडच्या शोरूममध्ये लेनला कधी परकं वाटलं नव्हतं. मिशिगनमधल्या त्या गावात कारखाना एकच आणि तो हॅल्स्टेडचा. लेनचा बाप तिथे रंगखात्यात होता, सासरा भट्टीवर होता, आणि लेन स्वतः शाळा संपली तसा दारांच्या लाइनवर लागला तो म्हातारा होऊनच बाहेर पडला. बाहेर पडला म्हणजे काय, कंपनीनेच एक दिवस फाटकाला कुलूप ठोकलं आणि सगळं काम दक्षिणेत नेलं. जाताना कामगारांच्या तोंडाला पानं पुसली ती पुसलीच, वर निरोपाला केक पाठवला. तो केक लेनने खाल्ला नाही. पण त्याच्या अंगणात ट्रक उभा राहिला तो हॅल्स्टेडचाच. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस होता तो, आणि अशा माणसाचं कंपन्यांना फार बरं पडतं.

दुसऱ्या मिठाने मात्र घात केला. इकडे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने बर्फ वितळतो आणि हळूहळू गाडीची हाडंही. एप्रिलमध्ये ऑगी मेकॅनिक लेनच्या जुन्या ट्रकखाली आडवा झाला आणि त्याने सांगाड्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला, तर तो केकमध्ये सुरी जावी तसा आत गेला.

"ह्याला ट्रेलर जोडलास ना लेन," ऑगी खालूनच म्हणाला, "तर तू लून लेकला पोचशील. ट्रेलर मागं हायवेवर राहील."

आणि लून लेकला जाणं तर भागच होतं. जुलैचे पहिले दोन आठवडे कारखाना बंद असायचा, नव्या मॉडेलसाठी यंत्रं बदलायची म्हणून. तेवढ्यात अख्खं गाव ट्रेलर ओढत उत्तरेला तळ्यावर जायचं. चाकांवरची घरंच ती. आत बिछाने, शेगडी, टीचभर मोरी. वर्षभर लाइनवर शेजारी उभी राहणारी माणसं तिथेही शेजारीशेजारी ट्रेलर लावायची. दारवाल्यांचा एक गोल, रंगवाल्यांचा दुसरा. कारखाना गेला, यंत्रं भंगारात गेली, सगळेच कायमचे रिकामे झाले, तरी जुलै आला की "शटडाउनला निघालो" असंच म्हणायचे आणि निघायचे.

लेनची मुलगी रोझॅन नर्स होती. नवऱ्याशी फारकत झालेली, दोन मुली पदरात. वर्षातले ते दोनच आठवडे तिला उसंत मिळायची, कारण टेसा आणि ब्रिन त्यांच्या जाजा आणि बुशाबरोबर तळ्यावर असायच्या. पोलिश घरांत आजोबा-आजीला तशीच हाक मारतात. ट्रकची बातमी ऐकून रोझॅन म्हणाली होती, "बाबा, राहू द्या ना आता. शेजारचे विचारतायत, ट्रेलर देऊन टाका त्यांना."  त्या दिवशी लेनने ट्रेलर आतून-बाहेरून धुऊन काढला, आणि शेजाऱ्याला दिसेल असा धुतला.

तेव्हा हा ट्रक. लालभडक, पुढचं नाक बैलासारखं, आत चामड्याच्या खुर्च्या आणि टीव्हीएवढा पडदा. ब्रेट पडद्यावर बोटं नाचवत होता. लेनला त्या पडद्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने खिशातून जुनं ओळखपत्र काढून दिलं.

"घरचा भाव लावा," तो म्हणाला.

हॅल्स्टेडच्या माणसाला हॅल्स्टेडची गाडी घरच्या भावात मिळायची. सवलत मोठी नसे, पण तिला 'घरचा' म्हणत, त्यात सगळं आलं. लेनच्या बापाने तशी गाडी घेतली होती, लेनने घेतली होती.

ब्रेटने नंबर टाकला. पुन्हा टाकला. मग तो आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरबाई फार गोड होत्या.

"मिस्टर वोयटास, तुमच्याबद्दल कंपनीला अतिशय आदर आहे," त्या म्हणाल्या. "फक्त काय झालंय, यंदापासून बंद झालेल्या कारखान्यांचे निवृत्त लोक ह्या योजनेत बसत नाहीत."

"बसत नाहीत म्हणजे?"

"चालू कारखान्यांनाच लागू आहे ती."

"बाई, कारखाना मी बंद नाही केला."

"छे छे! तसं कोण म्हणतंय?"

"मी सकाळी सहाला हजर होतो. शेवटच्या दिवशीसुद्धा. कुलूप घेऊन तुमची माणसं आली."

"मी समजू शकते," बाई म्हणाल्या आणि समजल्याची खूण म्हणून त्यांनी टेबलाच्या खणातून लाल बिल्ल्याची एक किल्लीची साखळी काढून त्याच्या हातात ठेवली. "आमच्याकडून छोटीशी भेट."

लेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा जबडा हलला, मान लाल झाली. एवढी वर्षं थंडीवाऱ्यात त्यांची दारं बसवली, संपाच्या दिवसांत बर्फात पिंपात शेकोटी करून उभा राहिला, नि संप मिटला तसा निमूट पुन्हा कामाला लागला, त्या सगळ्याचं हे मोल! साखळी! तीही किल्लीशिवाय! कुणालाही वाटेल, आता हा माणूस ती साखळी बाईंच्या टेबलावर आपटून चालता होणार. आयरीनने तर पर्स खांद्याला लावलीसुद्धा.

लेनने साखळी खिशात घातली आणि विचारलं, "ट्रक कधी मिळेल?"

आयरीनने पर्स खाली ठेवली. ती ट्रकपाशी गेली, चालकाचं दार उघडलं आणि वाकून दाराच्या आतल्या खांबावर चिकटवलेला कागद वाचू लागली. चष्मा लावून, मग चष्मा काढून.

"लेन, इकडे ये."

"काय आहे?"

"ह्यात लिहिलंय, माणसं आणि सामान मिळून हा ट्रक अंगावर किती वजन घेतो ते. तू, मी, दोन पोरी, कुत्रा. सायकली, बर्फाची पेटी, तुझी ती लोखंडी शेगडी. आणि ट्रेलरची दांडी ह्याच्या पाठीवर टेकणार, तिचा भार वेगळा. माझं खरं वजन धरलं तर एका नातीला तळ्यापर्यंत चालत यावं लागेल."

"मॅडम, हा ट्रक बारा हजार पौंड ओढतो," ब्रेट म्हणाला.

"ओढतो हो! ओढतो ते तुम्ही भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय. पाठीवर किती घेतो ते मात्र दाराआड, मुंगीच्या अक्षरांत. असं का?"

"लोक सर्रास नेतात, मॅडम. काही होत नाही."

"ज्यांना झालं ते सांगायला येत नसतील तुमच्याकडे."

"आयरीन, पुरे," लेन म्हणाला. "हॅल्स्टेड आहे. नेईल."

"तू मला सांग, कागद कुणी चिकटवलाय? समोरच्या ब्रॅनिगन कंपनीवाल्यांनी येऊन रात्री चिकटवलाय का? हॅल्स्टेडच सांगतंय ना, झेपणार नाही म्हणून! तुझ्या त्या लाडक्या हॅल्स्टेडचं तरी ऐक."

"मोठा ट्रकही आहे ना आमच्याकडे," ब्रेट घाईघाईने म्हणाला, "पण तो मागवावा लागेल. सप्टेंबर उजाडेल."

"सप्टेंबरात तळ्यावर बदकंसुद्धा नसतात," आयरीन म्हणाली. "लेन, त्या उतारावर, तळ्याच्या अलीकडच्या, मागून ट्रेलर ढकलायला लागला तर तू काय करणारेस? बिल्ला दाखवणारेस त्याला? त्या गाडीत माझ्या नाती बसणारेत. ह्यांनी तुला दारातून हाकललं, वर हातात खुळखुळा दिला, आणि तू विचारतोस, कधी मिळेल! लाज नाही वाटत? मला वाटते."

एवढं बोलून ती तडक बाहेर पडली. गाडीत जाऊन बसेल असं लेनला वाटलं होतं. आयरीनने रस्ता ओलांडला. रस्त्याच्या पलीकडे ब्रॅनिगनचं शोरूम होतं, निळ्या बिल्ल्याचं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत वोयटासांच्या घरातलं कुणी त्या फुटपाथवर पाय ठेवून चाललंसुद्धा नव्हतं.

लेन तिला अडवायला मागे धावला, आणि अशा रीतीने तोही आत पोचला.

आत टेबलामागून उठून उभा राहिला तो गस लव्हॉय. दारांच्या लाइनवर वीसेक वर्षं लेनच्या समोर उभा राहिलेला. लेन बिजागरी धरायचा, गस बोल्ट आवळायचा. आता त्याच्या शर्टावर निळा बिल्ला होता. कारखाना बंद झाल्यावर दोन वर्षं गसने कामासाठी दारोदार जोडे झिजवले, आणि शेवटी इथे चिकटला. तेव्हापासून दारवाल्यांनी त्याला वाळीत टाकलं होतं. लेन त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"ये आयरीन," गस म्हणाला. मग त्याने लेनकडे पाहिलं. "तू रस्ता चुकलास का?"

"हिला न्यायला आलोय."

"ती कुठं जायचं म्हणत नाहीये."

"मला ट्रक दाखव, गस," आयरीन म्हणाली. "आमचा ट्रेलर तुला माहितेय. नाती आता वाढल्यात आणि मीही काही कमी झाले नाही."

"आयरीन, आपण ह्याच्याकडून काही घेणार नाही," लेन म्हणाला.

"का?" गसने विचारलं. "माझे हात घाण आहेत?"

"तुला ठाऊक आहे का ते."

"नाही बुवा. सांग तू. आज एकदा तोंडावर सांग. मागं पुष्कळ बोललास."

"ज्यांच्याविरुद्ध उभं आयुष्य काढलं, त्यांचा बिल्ला लावून बसलास तू."

"आणि तू कुणाचा लावून बसलायस?" गस टेबलामागून बाहेर आला. "अरे, मी कारखाना बंद केला का? मी काम दक्षिणेला नेलं? ज्यांनी नेलं त्यांचा बिल्ला तू डोक्यावर मिरवतोस, आणि गद्दार मी? दोन वर्षं मी काय खात होतो, विचारलंस कधी? विमा गेला होता आमचा, लेन. बायकोच्या तपासण्या पुढं ढकलत होतो आम्ही. डॉक्टर काय हॅल्स्टेडच्या आठवणींवर तपासतो?"

 गसला आता थांबायचं नव्हतं.

"आणि त्या जुलैचं आठवतं ना? मी आलो होतो तळ्यावर, इथलाच ट्रक जोडून."

लेनला आठवत होतं. कारखान्याच्या वाहनतळावर पूर्वी एक पाटी असायची. दुसऱ्या कंपनीच्या गाड्या रुळांकडेला, टोकाला लावाव्यात. तोच नेम गंमत म्हणून तळ्यावरही चालायचा. कुणाचा मेहुणा, कुणाचा जावई परक्या बिल्ल्याचा ट्रक घेऊन आला की दारवाल्यांच्या गोलातून आरोळी उठायची, "संडासाकडे! संडासाकडे!" मग तो पाहुणा कान धरायचा, बिअरची पेटी द्यायचा आणि गोलात यायचा. गस आला तेव्हाही डेल हुबर खुर्चीवर उभा राहून ओरडला होता. सगळे हसले होते. लेन तर पुढे होऊन, दोन्ही हात हलवून त्याला रस्ता दाखवत सामायिक संडास-न्हाणीघरांपर्यंत चालत गेला होता. फक्त त्या खेपेला पेटी कुणी मागितली नाही, आणि गोलात ये असंही कुणी म्हटलं नाही.

"ती गंमत होती," लेन म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत गंमत होती. दुसऱ्या दिवशी काय होतं ते? दोन आठवडे होतो आम्ही तिथं. एक माणूस युकरच्या, पत्त्यांच्या डावाला हाक मारायला आला नाही. जिनेट रोज चौघांचे पत्ते वाटून बसायची. वाटायचं तिला, आज येतील."

जिनेट गसची बायको. पुढच्या फेब्रुवारीत ती गेली.

"ती आजारी होती हे आम्हाला ठाऊक नव्हतं," लेनचा आवाज उतरला होता.

"कुणी विचारायला आलं असतं तर कळलं असतं. पन्नास पावलांवर होतो. तिचा तो शेवटचा जुलै होता, लेन. तो तिनं संडासाची दारं आपटताना ऐकत काढला."

शोरूममध्ये कुठेतरी फोन वाजला आणि थांबला. आयरीन खाली बघत होती. जिनेटच्या अंत्यविधीला ती एकटीच गेली होती, आणि तेही मागच्या बाकावर बसून लवकर परतली होती. आज इतकं बोलणारी ती बाई, पण ह्या बाबतीत तिला बोलायला तोंड नव्हतं.

लेनला राग आला होता. तो कुणाचा ते त्याला नीट कळेना. गसवर धरावा तर गस समोर उभा होता आणि त्याचं म्हणणं खोडता येत नव्हतं. कंपनीवर धरावा तर कंपनी म्हणजे ती गोड बाई आणि खिशातली साखळी. डेलवर धरावा तर हात हलवत पुढे चालणारा डेल नव्हता. ज्यांनी पोटावर पाय दिला ते लांब दक्षिणेत सुरक्षित बसले, म्हणून आपण सगळ्यांनी मिळून जो हाताशी सापडला त्याच्यावर पाय दिला, हे त्याला उघड दिसलं.

"ट्रक कुठाय?" तो म्हणाला.

 गस दोघांना मागच्या अंगणात घेऊन गेला. पुढच्या रांगेतले चकचकीत ट्रक त्याने दाखवलेसुद्धा नाहीत. पार मागे, कुंपणाला लागून, एक पांढरा ट्रक उभा होता. रेक्झिनच्या सीट, पडदा बोटभर, हौदा लांब, आणि मागच्या चाकांच्या स्प्रिंगच्या कमानी अशा जाड की पाहताच कळावं, हा ओझ्यासाठीच केलाय. रस्ते दुरुस्त करणारे घेतात तसला.

"दिसायला काही नाही," गस म्हणाला. "रिकामा असताना खड्ड्यात आदळेल, कंबर धरेल तुझी. पण ट्रेलर पाठीवर आला की शांत होईल. आयरीन, आतला कागद वाच."

आयरीनने वाचला. तिने गसकडे पाहून मान हलवली.

"सगळ्यांना बसता येईल," ती म्हणाली. "मलाही."

लेनने दार उघडलं आणि लावलं.

"आवाज आपल्यासारखा नाही," गस म्हणाला. "मलाही पहिल्यांदा खटकला होता. पण घट्ट लागतं."

लेनने पुन्हा दार लावलं नाही. "गस," तो म्हणाला, "ह्या जुलैला तू ये. माझ्या शेजारी."

"ट्रेलर विकला मी. जिनेट गेली त्याच वर्षी."

"आमच्यात झोप. पोरी तंबूत झोपतील, त्यांना तेच आवडतं."

"नको, लेन." गस रागावून म्हणाला नाही, आणि तेच लेनला जास्त लागलं. "ट्रक घ्यायचा तर घे. त्यासाठी मी तळ्यावर आलंच पाहिजे असं काही नाही. चल, सही कर, मग आपण तुझा ट्रेलर जोडून बघू."

जुलैच्या पहिल्या शनिवारी वोयटास मंडळी लून लेकला पोचली. वाटेतल्या त्या उतारावर ट्रेलरने हूं की चूं केलं नाही. मागे टेसा आणि ब्रिन एकमेकींना चिमटे काढत होत्या, कुत्रा खिडकीतून जीभ काढून बसला होता. लेनच्या डोक्यावर टोपी नव्हती, त्यामुळे त्याचं कपाळ भलतंच पांढरं दिसत होतं.

दारवाल्यांचा गोल आता केवढासा उरला होता. काही फ्लोरिडाला मुलांकडे गेले, काही कायमचे गेले. जे होते ते घडीच्या खुर्च्या टाकून, पोटावर बिअरचे डबे ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवत बसले होते. लेनची जागा तळ्याच्या बाजूला, दोन बर्च झाडांच्या मध्ये, नेहमीसारखी रिकामी ठेवलेली होती.

पांढरा ट्रक वळणावर दिसला आणि आधी कुणी ओळखलाच नाही. मग डेल हुबर डोळे बारीक करून उठला. तो सत्तरीला आलेला, गुडघे बदललेला, तरी खुर्चीवर चढला.

"लेन वोयटास! निळा बिल्ला! अरे देवा, आता काय बघायचं राहिलं! संडासाकडे! संडासाकडे!"

सगळे हसले. बायका हसल्या. लेनने खिडकी खाली केली.

"जाजा, ते का ओरडतायत?" ब्रिनने विचारलं.

"रस्ता सांगतायत," लेन म्हणाला, आणि आपल्या जागेवरून पुढे निघून गेला.

मागून हशा आणखी वाढला. लेन वोयटास गंमत छान वठवतोय, आता वळून येईल, पेटी काढेल. पण ट्रक वळला नाही. संडासांच्या इमारतीसमोर पायवाटेला लागूनच एक उतरती, ओकीबोकी जागा होती, तिथे लेनने ट्रेलर मागे घेतला. खाली उतरून चाकांना ठोकळे लावले. आयरीन ट्रेलरच्या दारावरचं कापडी छत उलगडायला लागली. मुली खूष झाल्या, कारण रात्री अंधारात लांब जावं लागणार नव्हतं.

शेकोटी पेटून किलबासा, ते पोलिश सॉसेज, भाजायला लागल्यावर डेल लंगडत आला. त्याच्या हातात बिअर होती, एक लेनसाठी.

"झालं ना आता? चल तिकडे. तुझी जागा रिकामी पडलीय, पोरं विचारतायत."

"बरंय इथं."

"अरे, गंमत होती लेका!"

"गसच्या वेळीही गंमतच होती का?"

डेलने बिअर लेनच्या खुर्चीच्या हातावर ठेवली, मग उचलली. "गसची गोष्ट वेगळी. तू नुसता घेतलास. तो विकत होता."

"पोट भरत होता तो. तू नि मी काय करत होतो इतकी वर्षं? देवळात घंटा वाजवत होतो?"

"तू मलाच का बोलतोयस? तूच तर पुढं होऊन त्याला हात दाखवत इथवर घेऊन आला होतास."

"हो," लेन म्हणाला. "म्हणूनच जागा बरोबर सापडली."

डेलने आयरीनकडे पाहिलं, ती मध्यस्थी करील म्हणून. आयरीन मक्याची कणसं फिरवत होती. तिने एक कणीस कागदात गुंडाळून डेलला दिलं, आणि तो ते घेऊन गेला.

अंधार पडायच्या सुमाराला लेनने कंदील पेटवून पायवाटेच्या कडेला खुंटीला लावला, खुर्ची पुढे ओढली आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसला. झोपण्यापूर्वी सगळा कॅम्प त्याच वाटेने यायचा. कुणी दातांचा ब्रश घेऊन, कुणी खांद्यावर टॉवेल टाकून, बायका केस कुरळे करायच्या नळ्या लावून. प्रत्येकाला त्या कंदिलाच्या उजेडातून जावं लागत होतं.

"गुड इव्हनिंग, मार्ज," लेन म्हणायचा.

"गुड इव्हनिंग, लेन," मार्ज पायांकडे बघत म्हणायची.

"गुड इव्हनिंग, हर्ब."

"हं. गुड इव्हनिंग."

आवाजात टोमणा नव्हता, हसूही नव्हतं. जाताना एकदा, येताना एकदा. मागे दारं आपटत होती आणि दर वेळी लेनचे खांदे जरासे हलत होते. आयरीन आतून पत्ते घेऊन आली, पण समोर बसून तिने ते नुसतेच हातात धरले.

सगळ्यात शेवटी डेल निघाला. कंदिलाच्या उजेडापर्यंत आला, थबकला, टॉवेल सावरला, आणि वाट सोडून बाजूच्या झाडीत शिरला. ओल्या नेच्यांतून, काट्यांतून, बदललेल्या गुडघ्यांनी अडखळत तो लांबून इमारतीच्या मागच्या बाजूला चालला होता. फांद्या मोडल्याचे आवाज येत होते.

"गुड इव्हनिंग, डेल," लेन झाडीकडे तोंड करून म्हणाला.

फांद्यांचा आवाज थांबला. डेल तिथेच, अंधारात, टॉवेल घेऊन उभा राहिला.